गड्ड्याच्या दिवसांत नगररचनेची उजळणी

संक्रांत होऊन गेली तरी सोलापुरातला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, लगेच उठत नाही. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम आणि शोभेचं दारूकाम उरकलं तरी होम मैदानावरचे पाळणे, भांड्यांची दुकानं, खेळण्यांचे स्टॉल महिनाअखेरपर्यंत सुरूच असतात. नेमक्या याच दिवसांत नगररचनाकारांचा प्रशिक्षण वर्ग ठेवला म्हणून निघण्याआधी बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती, कारण लॉजवर खोल्या मिळत नाहीत आणि रिक्षावाले भाव वाढवतात. इथे आल्यावर वेळेची निवड जाणूनबुजून झाली असावी असं वाटलं. शहर भरलेलं असताना ते जेवढं समजतं तेवढं रिकामं असताना समजत नाही.

आपल्याकडे वास्तुविशारदांना आहे तशी वैधानिक परिषद नगररचनाकारांना नाही, त्यामुळे दरवर्षी अमुक तास शिकलंच पाहिजे असं बंधनही नाही. ब्रिटनच्या रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूटच्या सनदी सदस्याला दोन वर्षांत ५० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. अमेरिकेत एआयसीपी हे नगररचनाकाराचं प्रमाणन टिकवायचं तर दोन वर्षांत ३२ श्रेयांक मिळवावे लागतात. आपल्याकडचा माणूस कार्यालयीन आदेश निघाला म्हणून येतो किंवा हौसेने येतो. वर्गात दोन्ही प्रकारचे लोक होते. दुपारच्या चहापर्यंत कोण कुठला ते कळतंच.

पहिला दिवस: कायदा आणि गिरणी

पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस आणि मुंबईहून वंदे भारत दोन्ही रात्रीच पोहोचवतात, त्यामुळे आदल्या रात्री येऊन सात रस्ता किंवा स्टेशनच्या परिसरात मुक्काम करणं सोपं. सकाळी थंडी असते, अकरानंतर ऊन चढतं आणि दुपारी जानेवारीतही टोपी लागते.

पहिलं सत्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ वर होतं. कलमांची यादी वाचून दाखवतील अशी भीती होती, पण सुरुवात सोलापूरच्याच एका जुन्या भांडणाने झाली. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे इथल्या बोलीत जुनी गिरणी, १९४९ मध्ये बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. त्याविरुद्ध एक भागधारक चिरंजितलाल चौधरी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात मात्र न्यायालयाने सांगितलं की हे नुसतं व्यवस्थापन हाती घेणं नव्हे, भरपाईविना मालमत्ता काढून घेणं आहे. पाठोपाठ १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती आली, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून अनुच्छेद ३०० अ मध्ये गेला. आज आरक्षणाच्या, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जमिनीच्या, फायलीवर सही करणाऱ्याला 'भरपाई कुठे आहे' हा प्रश्न पडतो, त्याच्या इतिहासात या शहरातल्या एका गिरणीचा मोठा वाटा आहे. कायद्याच्या तासाला झोप येते असं म्हणणाऱ्यांनी हा तास ऐकायला हवा होता.

त्यानंतर गाडी कलम १२७ वर आली आणि वह्या उघडल्या. अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक मालकीची कागदपत्रं जोडून खरेदी सूचना, म्हणजे 'जमीन घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस, देऊ शकतो. सूचना पोहोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. बहुतेक कार्यालयं इथेच फसतात. सर्वसाधारण सभा ठराव करते, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, फायलीवर 'कार्यवाही सुरू' असा शेरा पडतो आणि सगळे निश्चिंत होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या गिरनार ट्रेडर्स खटल्यातल्या २००७ च्या निकालाने अशा पत्रव्यवहाराला पाऊल मानलं नाही. पाऊल म्हणजे संपादनाची घोषणा. आजच्या भाषेत कलम १२६ सोबत २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १९ खालची.

वर्गात यावर काढलेला मार्ग साधा होता. सूचना आवक झाली त्या दिवशीच फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईत तीन तारखा लिहायच्या: सूचना मिळाल्याची, मालकी कागद तपासून पुरे झाल्याची आणि २४ महिने संपण्याची. तिसऱ्या तारखेच्या आधी किमान वर्षभर जिल्हाधिकारी कार्यालयात रक्कम जमा झालेली असली पाहिजे, नाहीतर मोजणी, चौकशी आणि घोषणा वेळेत बसत नाहीत. मालकी कागद अपुरे असतील तर ते लगेच लेखी कळवायचं. दीड वर्षाने काढलेली त्रुटी न्यायालयात टिकत नाही.

जेवणात कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि शेंगदाण्याची आमटी. नागपूरकडच्या एका मॅडमनी कडक भाकरी पापडासारखी मोडून कोरडीच खाल्ली, तेव्हा वाढणारे मामा म्हणाले, "ताई, आमटीत कुस्करा की. कोरडी खायची ती परवासाला." नंतर त्यांनी दोन पुडकी सोबतही नेली. ही भाकरी बरेच दिवस टिकते. घरी न्यायची तर डबा कडक हवा, पिशवीत तिचा चुरा होतो.

दुपारी हस्तांतरणीय विकास हक्कांचं, टीडीआरचं गणित होतं. सार्वजनिक कामाला जमीन दिली की पैशांऐवजी दुसरीकडे जादा बांधकाम करायचा हक्क मिळतो, तो हा. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, यूडीसीपीआरमध्ये, सूत्र एका ओळीचं आहे. वापरायला मिळणारं क्षेत्र म्हणजे जिथे हक्क निर्माण झाला तिथला जमीन दर, भागिले जिथे वापरायचा तिथला दर, गुणिले प्रमाणपत्रावरचं क्षेत्र. समजा दाट वस्तीबाहेर रस्त्यासाठी ३०० चौरस मीटर जागा दिली. दुपटीने ६०० चौरस मीटरचं प्रमाणपत्र निघालं. तिथला दर ६,००० आणि वापराच्या ठिकाणचा १५,००० असेल, तर प्रत्यक्षात २४० चौरस मीटरच मिळतात. उलट दिशेने, महाग भागातून स्वस्त भागात गेलं, तर तेच ६०० चे १,५०० होतात. गावठाणासारख्या दाट भागात दिलेल्या जागेला दुपटीऐवजी तिप्पट.

सूत्रात कुणी चुकत नाही, दराच्या वर्षात चुकतात. दोन्ही दर हक्क निर्माण झाला त्या वर्षीच्या सरकारी वार्षिक दर तक्त्यातले घ्यायचे असतात. पाच वर्षांनी प्रमाणपत्र वापरायला आलेल्या अर्जदाराला एक दर जुना आणि एक आजचा लावला, की आकडा बिघडतो आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो. वर्गातल्या निम्म्या गटांनी हेच केलं, कारण सरावाच्या कागदावर मुद्दामच दोन वर्षांचे तक्ते जोडले होते.

संध्याकाळी गड्डा. हाही अभ्यासक्रमाचाच भाग. प्रत्येक गटाला मैदानातली एक गल्ली मिळाली आणि १५ मिनिटांची पादचारी मोजणी करायची होती. जमिनीवर खडूने आडवी रेघ मारायची, एकाने येणारे मोजायचे, दुसऱ्याने जाणारे, तिसऱ्याने घड्याळ सांभाळायचं. खरी मेख रुंदीत असते. दोन स्टॉलमधलं अंतर ४ मीटर भरलं तरी दोन्ही बाजूंना बांगड्या बघत उभ्या राहिलेल्या बाया आणि पिपाणी वाजवणारी पोरं साधारण एकेक मीटर खातात. चालायला उरते २ मीटर. मोजणीचा आकडा आधी १५ ने आणि मग या उरलेल्या रुंदीने भागायचा, ४ ने नव्हे. गर्दीचे बरेच अहवाल कागदावर सुरक्षित दिसतात ते या एका चुकीच्या भागाकारामुळे. अग्निशमन बंबासाठी ६ मीटरचा मार्ग धरून मैदानाचा आराखडा पुन्हा काढायला सांगितला, तेव्हा दोन गटांना पाळण्यांची रांगच हलवावी लागली.

तिथल्या एका भजीवाल्याने आमचा खडू बघून विचारलं, "अतिक्रमणवाले का बे तुमी?" नाही म्हटल्यावर गरम भजी आली. गड्डा तात्पुरता असतो, पण शहरातले फेरीवाले कायमचे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार दर पाच वर्षांनी सर्वेक्षण आणि लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावणं अपेक्षित आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर ९,५१,५५८ होतं, म्हणजे हा आकडा २३,७०० च्या पुढे जातो. एवढ्यांची जागा आराखड्यात कोणत्या रंगाने दाखवायची, यावर भजी संपली तरी वाद संपला नाही.

दुसरा दिवस: पूर्व भाग

सोबत येणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं: बूट घाला, पाण्याची बाटली घ्या, कागद लावायला पाठीमागे कडक पाटी ठेवा आणि मोबाइलवर विसंबू नका. अशोक चौक, कन्ना चौक, भद्रावती पेठ, साखर पेठ या विणकरांच्या पट्ट्यात विद्यमान जमीन वापर नकाशाचं, म्हणजे कोणती जागा आज कशासाठी वापरात आहे ते नोंदवायचं, काम होतं. अधिनियमाच्या कलम २५ खालचं हे सर्वेक्षण आराखड्याचा पाया मानलं जातं, आणि सगळ्यात घाईत उरकलं जातं तेही हेच.

रंगांची पद्धत ठरलेली आहे. निवासी पिवळा, वाणिज्य निळा, उद्योग जांभळा, सार्वजनिक लाल, मनोरंजन हिरवा. पूर्व भागात गेलं की ही पेटी अपुरी पडते. खाली माग, वर घर, जिन्याखाली कांड्या भरणारी बाई, ओट्यावर विडी वळणारी सासू. एका घरात अण्णांनी माग थांबवून विचारलं, "खाली चार माग, वर आमी सहा जण. तुमी खालचं लिवणार का वरचं?"

उत्तर असं की दोन्ही लिहायचं, आणि मजल्यानुसार. वर्गात दिलेल्या नमुन्यात सिटी सर्व्हे क्रमांक, मजले आणि प्रत्येक मजल्याचा वापर यांबरोबर मागांची संख्या, मोटारची अश्वशक्ती, पाळ्या, कामगार घरचे की बाहेरचे आणि सांडपाणी कुठे जातं हे रकाने होते. नकाशावर मिश्र वापराला पिवळ्यावर जांभळ्या तिरप्या रेघा. दार बंद असेल तर थ्री फेज मीटर बघायचा, तो सहसा सगळं सांगून जातो. सकाळी अकराला शांत वाटणारी गल्ली रात्री दहाला वाजत असते, म्हणून रात्रीची एक फेरी हवीच. एका गटाने फक्त दिवसा फिरून अख्खी ओळ निवासी दाखवली होती.

आवाजाची मोजणीही झाली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्राला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक क्षेत्राला ७५ आणि ७०. म्हणजे नकाशावरचा एक रंग बदलला की रात्रीची मर्यादा २५ डेसिबलने सरकते आणि त्याच मागाचा तोच आवाज बेकायदेशीरचा कायदेशीर होऊ शकतो. मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं ठीक. नोटिशीला आधार द्यायचा तर प्रमाणित मापकच लागतो.

सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चादरीच्या जकार्ड मागावरची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची साखळी बघायला सगळे थांबले आणि अर्धा तास मोडला. आयोजक चिडले. मोडू द्यायला हवा होता, कारण त्या अर्ध्या तासात अण्णांनी माग वर का चढवता येत नाही (हादऱ्याने स्लॅबला भेगा पडतात) आणि एमआयडीसीत का जाता येत नाही (घरातल्या बायकांचं काम सुटतं) हे दोन वाक्यांत सांगितलं. स्थलांतराच्या प्रस्तावात हीच दोन वाक्यं सहसा नसतात.

दुपारी संगणकावर. लॅपटॉप स्वतःचाच न्यावा, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर घरूनच टाकून आणावं आणि उपग्रह चित्र पेनड्राइव्हवर ठेवावं. तीस जण एकदम नकाशा उघडतात तेव्हा सभागृहाचं वायफाय झोपतं. मोठा एक्स्टेन्शन बोर्ड नेणाऱ्याचे सगळे मित्र होतात.

काम होतं जुना गाव नकाशा जमिनीवर बसवण्याचं. हे नकाशे १ इंचाला ६६० फूट, म्हणजे १:७९२० प्रमाणाचे. कापडावर चिकटवलेला कागद वर्षानुवर्षांत एका दिशेने जास्त आकसतो, त्यामुळे चार कोपरे जुळवले तरी मधला भाग सरकतो. नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे सापडणाऱ्या खुणा, त्रिसीमेच्या दगडांवर, जुन्या विहिरींवर आणि ओढ्यावरच्या पुलांवर घ्यायचे, नकाशाभर विखरून, आणि निदान दोन बिंदू न वापरता फक्त तपासणीसाठी राखायचे. सॉफ्टवेअर चूक शून्य दाखवत असेल तर खूश होऊ नये. बिंदू कमी आणि सूत्र लवचिक असलं की ती शून्यच येते. राखीव बिंदूवरची चूक खरी.

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडायची पद्धत, यूटीएम ४३ उत्तर घ्यायचं. सोलापूर त्या पट्ट्याच्या मध्यरेषेपासून फार दूर नाही, त्यामुळे क्षेत्रफळ चांगलं येतं. फाइल अक्षांश-रेखांशांच्या अंशांमध्येच राहिली आणि क्षेत्रफळ त्याच आकड्यांवर काढलं, तर १ हेक्टरचा भूखंड ०.००००००८५ असा दिसतो. एका गटाच्या तक्त्यात दुपारी तीनला हाच आकडा होता आणि ते दशांश चिन्हाशी भांडत बसले होते.

या सत्रातला सगळ्यात उपयोगी हिशेब रेघेच्या जाडीचा. १:४००० च्या आराखड्यावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर २ मीटर होते, आणि १:७९२० च्या गाव नकाशावर जवळपास ४ मीटर. ९ मीटरच्या रस्त्याची हद्द या दोन नकाशांवरून ठरवून कुणाच्या भिंतीवर खूण करणं म्हणजे वादाला आमंत्रण. प्रत्यक्ष आखणी भूमी अभिलेखच्या मोजणीवरच करावी, आणि भाग नकाशात 'प्रत्यक्ष मोजणीच्या अधीन' ही ओळ विसरू नये.

रात्री पूर्व भागातच जेवण झालं. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, शेवटी गव्हाची हुग्गी. वाढपी एका टेबलावर तेलुगू, दुसऱ्यावर कन्नड आणि आमच्याशी मराठी बोलत होता. आराखड्यावरच्या हरकती-सूचनांची नोटीस फक्त मराठीत छापून इथे किती जणांपर्यंत पोहोचते, हा मुद्दा तिथेच निघाला. हरकतीची मुदत ३० दिवस. त्यातले पहिले पंधरा गल्लीत बातमी पसरण्यातच जातात.

तिसरा दिवस: हद्दीबाहेर

५ मे १९९२ रोजी हद्दवाढ झाली आणि जेमतेम ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८.५७ चौरस किलोमीटरचं झालं. कागदावर एका दिवसात पाचपट. नळ, गटार आणि रस्ते मात्र मागून, दमानं आले. अक्कलकोट रस्त्याने बाहेर पडताना दोन्ही बाजूंना गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीचे, तुकडे दिसत राहतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. तरी फायली अडतात, कारण सातबारावर दहा नावं सामाईक असतात आणि प्रत्येकाचा तुकडा फक्त नोटरीच्या कागदावर असतो. रीतसर रेखांकनात (लेआउटमध्ये) ०.४ हेक्टरपासून पुढे १० टक्के खुली जागा सोडावी लागते. इथे ती कुणीच सोडलेली नसते, आणि नियमितीकरणाचं शुल्क भरून मैदान उगवत नाही.

कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि शेजारी रे नगर. रे नगर हा असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प. पैकी १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुपूर्द झाली. सराव असा होता: घरटी साडेचार माणसं धरली तर पूर्ण वस्ती १,३५,००० ची. केंद्राच्या २०१४ च्या यूआरडीपीएफआय या नगर नियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५,००० लोकसंख्येला एक प्राथमिक शाळा, म्हणजे २७ शाळा. हे गाव महापालिकेच्या हद्दीबाहेरचं, ग्रामपंचायतीचं. एवढ्या लोकांचा कचरा आणि दिवाबत्ती कुणाच्या अंदाजपत्रकातून, हा प्रश्न घरांच्या संख्येइतकाच मोठा आहे.

पाण्याचा हिशेब सोलापूरकरांना शिकवावा लागत नाही. शहराची भिस्त सुमारे ११० किलोमीटरवरच्या उजनी धरणावर आहे आणि रोज नळ येणं ही चैन. पाच माणसांचं घर, माणशी १३५ लिटर, दोन पुरवठ्यांत चार दिवस धरले, तर २,७०० लिटर साठवण लागते. लहान घरात एवढ्या टाकीची जागा कुठे? जिन्याखाली किंवा संडासावर. ती इमारतीच्या आराखड्यात दाखवली नाही तर लोक दारात पिंपं मांडतात आणि रस्ता अरुंद होतो. वसाहतीतल्या एका मावशींनी हे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बस कवा वाढवणार ते बी लिवा की." तयार विड्या कारखान्यात नेऊन द्यायला जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो.

परतताना एका शेतावर हुरडा. आगटीत भाजलेली गूळभेंडीची कणसं, हातावर चोळून काढलेले दाणे, शेंगा चटणी, दही, गूळ आणि बोरं. मोहोळच्या संशोधन केंद्रातून प्रसिद्ध झालेली मालदांडी ज्वारी याच काळ्या मातीतली, ती भाकरीची. हुरड्याची वेगळी. बांधापलीकडे चुना मारलेले दगड रांगेत रोवलेले होते. मालक म्हणाले, पुढच्या वर्षी या बाजूला हुरडा नसेल. शेती क्षेत्रातली ही जमीन आहे, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा ते नुसते हसले.

समारोपाला प्रमाणपत्र हातात मिळत नाही, ही चांगली प्रथा आहे. आपल्या गावातल्या एका गल्लीचं मजलेवार सर्वेक्षण, तिचा नकाशा आणि राखीव बिंदूवरची चूक असा एक गठ्ठा महिन्याभरात पाठवला तरच ते येतं. जाणाऱ्यांनी गल्ली निघण्याआधीच ठरवून ठेवावी आणि तिचा सिटी सर्व्हे उतारा व नकाशा शीट सोबत न्यावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सत्रात स्वतःच्याच कागदावर काम करून घेता येतं. प्रवासभत्त्याच्या बिलासाठी हजेरीचं पत्र मात्र वेगळं असतं. ते शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या आत काउंटरवरून मागून घ्यावं, कारण नंतर सगळे गड्ड्यात गेलेले असतात.